डोळ्यांत तेल घालून तेलाचा हिशेब

(संघाच्या श्रावण महिन्याच्या बैठकीत सोनगीर येथे क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बैठकीला येऊ न शकलेल्या गटांसाठी छापत आहोत.)



अध्यक्षताईंनी मला अर्धा तास दिला आहे आणि विषय दिला आहे तेल. कारण तुम्हाला माहीत आहे. आपल्या एका गटाने लाकडी घाण्याच्या मशीनसाठी कर्ज मागितलं आहे. त्यावर मागच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. काही जणी म्हणाल्या, घ्या मशीन, शेंगा आपल्या, तेल आपलं, पैसा आपला. काही जणी म्हणाल्या, मागच्या वर्षीचं विसरलात का?

मागच्या वर्षीचं मी विसरलेले नाही. ते आधी सांगते, कारण त्यात माझी चूक होती.

मागच्या वर्षी मीच एका गटाला मोठ्या उत्साहात सांगितलं की घाण्याच्या तेलाला फार मागणी आहे, करा सुरुवात. त्यांनी दाणे विकत घेतले, बाहेरच्या घाण्यावर तेल काढून आणलं, बाटल्या भरल्या, दिवाळीत विकल्या. पहिले पंधरा दिवस सगळं छान. मग एकेक बाटली परत यायला लागली. तेलाला खवट वास. दाणे नीट वाळलेले नव्हते, निवडलेले नव्हते. आणि भाव ठरवताना आम्ही बाटलीचे पैसे धरले, पण बायकांनी तीन दिवस बसून जे काम केलं त्याची मजुरी धरलीच नाही. बचतीतले पैसे गेले. त्यातली एक ताई मला म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून केलं." तिचं बरोबर होतं. मी भाषण केलं होतं, हिशेब दिला नव्हता. आज भाषण थोडं करते आणि हिशेब जास्त देते.

आधी एक प्रश्न. आज सकाळपासून तेलाला कुणाकुणाचा हात लागला?

सगळ्यांचाच लागला. फोडणीला लागला, पोरीच्या वेणीला लागला, देवाजवळच्या दिव्याला लागला. कानबाई नुकतीच झाली. रात्रभर दिवा तेवत ठेवायचा म्हणून कुणी ना कुणी जागी होती ना? तो दिवा तेलावर. बाळ जन्मलं की त्याची टाळू तेलाने भरायची, बाळंतिणीला तेल लावून शेकायचं. लग्नात हळदीबरोबर तेल. शनिवारी मारुतीला तेल. वर्षाची डाळ भरताना एरंडेलाचा हात द्यायचा म्हणजे कीड लागत नाही. बैलगाडी होती तेव्हा आसाला वंगण एरंडेलाचंच. आणि आपली खान्देशी खिचडी! गरम खिचडीवर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार पडली नाही तर आपल्याकडचा माणूस ताटावरून उठेल. भरताला तेल, ठेच्यावर तेल, शेवभाजीवर बोटभर तर्री.

म्हणजे जन्मापासून शेवटच्या दिव्यापर्यंत तेल आहे. परवा एका आजींना विचारलं, तुमच्या लहानपणी तेल कुठून यायचं? आजी म्हणाल्या, "पोरी, पह्यले आपला वावरनं तेल व्हतं. आते इकत लेनं पडस."

एवढ्या दोन वाक्यांत आजचा सगळा विषय आला. आपल्या वावरातलं तेल विकतचं कसं झालं, आणि त्यातलं काय परत आपल्या हातात येऊ शकतं, एवढंच मला बोलायचं आहे.

थोडं मागे जाऊ. "तेल" हा शब्दच तिळापासून आला आहे. तिळाचं ते तैल, आणि तैलाचं झालं तेल. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत, म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीही या भागातल्या माणसांना तीळ माहीत होता. तीळ, जवस, करडई, एरंडी, मोहरी ही आपली जुनी तेलबियांची घरं.

मग शेंगदाणा? शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. युरोपची जहाजं समुद्र ओलांडायला लागली त्यानंतर तो आपल्याकडे आला. मिरचीही तिकडचीच. म्हणजे आपलं भरीत बघा. वांगं आपल्या देशातलं, मिरची आणि शेंगदाणा सातासमुद्रापलीकडचा. तरी भरीत खान्देशाचंच. का? कारण वांगं काड्यांवर कसं भाजायचं, दाणा किती भाजायचा, कच्चं तेल कधी टाकायचं हे आपल्या बायकांना कळत होतं. बाहेरून आलेली वस्तू आपली होते ती अशी, पारख आली की. वारसा म्हणजे नुसती जुनी वस्तू नव्हे, ती पारखसुद्धा वारसाच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेल काढणारी माणसंही आपल्यातलीच. गावात तेल्याचा घाणा असायचा. मधे उखळ, त्यात फिरणारी लाकडाची लाट, डोळ्यांना झापड बांधलेला बैल. आपण दाणे घेऊन जायचो, समोर तेल निघायचं, तेल आणि पेंड दोन्ही घरी यायचं. तेल माणसांना, पेंड गाईला. ज्यांनी तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवले, ते संताजी जगनाडे महाराज चाकणचे तेली होते. घाणा चालवणाऱ्या हातानेच लेखणी धरली. म्हणून तेलाचं काम हलकं आहे असं कुणी म्हटलं तर त्याला संताजींचं नाव सांगा.

आणि आपल्या सोनगीरची एक गोष्ट. आपलं गाव तांब्यापितळेच्या भांड्यांचं. पाणी तांब्याच्या हंड्यात, दिवा पितळेच्या समईत. पण तेल साठवायला जुन्या बायका काय वापरायच्या? मातीची किंवा चिनी मातीची बरणी. तांब्याच्या हंड्यात तेल भरून ठेवलेलं मी तरी कुठे ऐकलं नाही. यामागे कारण आहे. तांबं लागलं की तेल लवकर खवट होतं. पितळेतही तांबं असतंच. समईत तेल एका रात्रीपुरतं असतं, तिथे चालतं. वर्षाच्या साठ्याला चालत नाही. तांबटांच्या गावात राहून हे बायकांना ठाऊक होतं, कुठल्या पुस्तकात न वाचता. हवा, उजेड आणि तांबं हे तेलाचे वैरी. मागच्या वर्षीच्या आमच्या बाटल्या पांढऱ्या पारदर्शक होत्या आणि त्या आम्ही उन्हात मांडल्या होत्या! आजीला विचारलं असतं तर तिने ओरडून उठवलं असतं.

आता दुसरी गोष्ट शेजारच्या अमळनेरची. आपल्यापैकी कित्येकींचं माहेर तिकडे आहे.

29 डिसेंबर 1945 ला अमळनेरमध्ये एक कंपनी सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. सुरू करणारे मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी. आपल्या खान्देशात भुईमूग पिकायचा, म्हणून तेलाचा कारखाना इथे. तेलापासून वनस्पती तूप बनायचं, त्याचं नाव सनफ्लॉवर. आणि तेल काढताना जे उरायचं त्यापासून कपडे धुण्याचा साबण, 787 नावाचा. 1966 मध्ये मालक वारले आणि त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अमेरिकेतलं शिक्षण सोडून कारखाना सांभाळायला आला. तो मुलगा म्हणजे अझीम प्रेमजी आणि ती कंपनी म्हणजे आजची विप्रो. आज जगभर कॉम्प्युटरचं काम करते, पण तिची मुळं आपल्या मातीतल्या तेलात आहेत. अमळनेरच्या कित्येक साध्या घरांनी तेव्हा त्या कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. ज्यांनी ते जपून ठेवले, त्यांची पुढची पिढी श्रीमंत झाली.

मी ही गोष्ट का सांगते? आपण सगळ्या विप्रो काढू म्हणून नाही. दोन गोष्टींसाठी. एक, त्यांनी उरलेलं वाया घालवलं नाही. साबण झाला. तेलाच्या धंद्यात नफा पुष्कळदा पेंडीत आणि उरलेल्यात असतो. दुसरं, शेंग पिकवली शेतकऱ्याने, फोडली आणि निवडली बायकांनी, पण शेअरच्या कागदावर त्या बायकांपैकी किती जणींचं नाव असेल? आज आपल्या गटाच्या वहीत आपलं नाव आहे. हा फरक मोठा आहे.

वनस्पती तुपाबद्दल एक सावधगिरी सांगून पुढे जाते. तेलात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करतात. त्यात ट्रान्स फॅट नावाची वाईट चरबी तयार होते, ती हृदयाला घातक. म्हणून जानेवारी 2022 पासून आपल्या देशात तेल-तुपात तिचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. फरसाण, शंकरपाळे करणाऱ्या गटांनी स्वस्त डालडा घेताना डब्यावर हे वाचायचं.

आता आजचं पाहू. आपल्या शिवारात आज काय दिसतं? कपाशी आणि मका. भुईमूग बांधाकडे सरकला. तीळ कुणी चार ओळी लावते, संक्रांतीपुरता. आणि घरात तेलाची पिशवी. पिशवीत काय असतं? पाम, सोयाबीन, सूर्यफूल, सरकी. पाम येतं इंडोनेशिया आणि मलेशियातून. सोयाबीनचं तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. सूर्यफुलाचं रशिया आणि युक्रेनमधून. 2024 मध्ये केंद्र सरकारने तेलबियांचं नवं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं, 10,103 कोटी रुपयांचं, 2030-31 पर्यंतचं. तेव्हा सरकारनेच सांगितलं की देशाच्या गरजेपैकी 57 टक्के खाद्यतेल बाहेरून येतं. म्हणजे आपण दोन पळ्या तेल कढईत टाकलं तर त्यातली एक पळी समुद्रावरून आली.

याचा त्रास आपण भोगलाय. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. सूर्यफुलाचं तेल अडकलं. मग 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेल बाहेर विकायला बंदी घातली, ती 23 मेपर्यंत होती. त्या उन्हाळ्यात इथे लग्नसराई चालू होती. आठवतं ना, तेलाचा डबा घेताना कसे हात थरथरायचे? आपला युक्रेनशी काय संबंध? फोडणीचा संबंध. शेंगदाणा तेल बाहेरून येत नाही, तरी बाकीची तेलं महागली की तेही महागतं, कारण गिऱ्हाईक एकावरून दुसऱ्यावर जातं.

आणखी एक. इंडोनेशियात पामतेल गाड्यांच्या डिझेलमध्येही मिसळतात. 2025 पासून त्यांनी ते प्रमाण 40 टक्के ठरवलं. म्हणजे आपल्या गावाजवळून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रकचं डिझेल आणि आपल्या कढईतलं तेल, हे दोन भाव आता एकमेकांना बांधलेले आहेत.

मग सरकार काय करतं? बाहेरून येणाऱ्या तेलावर कर कमी-जास्त करतं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचा एकूण कर 5.5 वरून 27.5 टक्के केला. का? सोयाबीन, भुईमूग पिकवणाऱ्याला भाव मिळावा म्हणून. मग मे 2025 अखेर तो 16.5 टक्के केला. का? गिऱ्हाइकाला तेल स्वस्त मिळावं म्हणून. आता सांगा, आपण कोणत्या बाजूला? कर वाढला की आपल्या शेंगांना बरा भाव, पण आपल्या स्वयंपाकघराला झळ. कर उतरला की उलट. शहरातली बाई फक्त घेणारी. मोठा व्यापारी फक्त विकणारा. आपण दोन्हीकडे उभ्या आहोत. आणि आपण शेंग विकतो सुगीला, भाव पडलेला असतो तेव्हा. तेल घेतो सणाला, भाव चढलेला असतो तेव्हा. दोन्ही वेळा आपणच खाली.

बायका यावर कधी बोलल्या नाहीत असं नाही. 1972 मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायकांनी महागाईविरुद्ध लाटणी हातात घेतली, थाळ्या वाजवल्या. लाटणं मोर्चा म्हणून तो ओळखला जातो. तेल, साखर, रॉकेल, धान्य हेच प्रश्न होते. घरातलं लाटणं रस्त्यावर आलं, आणि महागाई हा बायकांचा राजकीय प्रश्न आहे हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. आपल्याकडे आज लाटण्याबरोबर गटाची वही आहे. तीही तेवढ्याच कामाची आहे.

म्हणून आता वही काढा. ज्यांना लिहिता येतं त्यांनी शेजारणीसाठीही लिहा.

पहिला हिशेब घरातला. तज्ज्ञ सांगतात, माणसाला वर्षाला साधारण 12 किलो तेल पुरे, म्हणजे महिन्याला एक किलो. देशात माणशी वापर 19 किलोच्या पुढे गेला आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाच किलो. तुमच्या घरात किती जातं? मला सांगू नका, वहीत लिहा. खिचडीवरची धार बंद करा असं मी म्हणणार नाही, माझीच आई मला घरात घेणार नाही. पण पळी मोजून टाका आणि तळलेलं तेल काळं होईपर्यंत पुन्हा पुन्हा वापरू नका.

दुसरा हिशेब वजनाचा. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे पाण्याहून हलकं. एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणून 15 लिटरच्या डब्यात तेल येतं सुमारे 13 किलो 650 ग्रॅम, आणि 15 किलोच्या डब्यात पूर्ण 15 किलो. डबे दिसायला सारखेच. फरक एक किलो 350 ग्रॅमचा. दुकानदार स्वस्त म्हणून देतो तो डबा लिटरचा की किलोचा, हे वाचायचं. पिशव्यांचंही तसंच. एका कंपनीची पिशवी 910 ग्रॅमची, दुसरीची 800 किंवा 750 ग्रॅमची. भाव पिशवीचा करू नका, ग्रॅमचा करा.

तिसरं, सुटं तेल घेऊ नका. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. अंगावर सूज येऊन 60 च्या वर माणसं दगावली. पिवळा धोत्रा आपल्या बांधावरही उगवतो, त्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. अन्न सुरक्षेच्या नियमांत खाद्यतेल बंद पाकिटातच विकायचं आहे. हा नियम आपण विकायला बसलो की आपल्यालाही लागू. नोंदणी, बंद बाटली, त्यावर तारीख, वजन, गटाचं नाव. ओळखीची बाई म्हणून ड्रममधून मोजून दिलं, असं चालणार नाही.

आता घाण्याचा हिशेब. हा नीट ऐका.

शंभर किलो वाळलेल्या शेंगा फोडल्या की साधारण सत्तर किलो दाणे निघतात. घाण्यावर दाण्याच्या वजनाच्या साधारण 40 टक्के तेल सुटतं. म्हणजे 28 किलो तेल, तीस-एकतीस लिटर. बाकी चाळीस किलोच्या आसपास पेंड. उलटं करून बघा. एक लिटर तेलाला दाणे लागतात सुमारे 2 किलो 300 ग्रॅम, आणि पेंड मिळते 1 किलो 300 ग्रॅमच्या आसपास.

आता समजा दाणे 120 रुपये किलो. तुमच्याकडे जो भाव असेल तो घाला, मी फक्त रीत दाखवते. दाण्याचे झाले 276. तेल काढायची मजुरी समजा 20, बाटली-झाकण-लेबल 15, नेण्या-आणण्याचं 10, आणि निवडणाऱ्या-वाळवणाऱ्या बायकांची मजुरी 15. झाले 336. पेंड 40 रुपये किलोने विकली तर 52 वजा. राहिले 284. हा नुसता खर्च, नफा नाही. मागच्या वर्षी आम्ही मजुरीचे 15 धरलेच नव्हते, आणि बाटली फुटण्याचं, परत येण्याचं काहीच धरलं नव्हतं.

किराणा दुकानात पिशवी याहून स्वस्त मिळते. कशी? मोठ्या गिरणीत पेंडीत उरलेलं तेलसुद्धा रसायन वापरून काढून घेतात, आणि तेल शुद्ध करून पिशवीत भरतात. त्यांना परवडतं. म्हणून आपण त्यांच्याशी भावात भांडायचंच नाही. आपलं तेल महाग असणार. ते घेणारी माणसं आधी शोधायची, मग तेल काढायचं. आणि याच हिशेबाने उलटही ओळखता येतं. कुणी "शुद्ध घाण्याचं शेंगदाणा तेल" दोन किलो दाण्यांच्या भावापेक्षाही स्वस्त देत असेल, तर त्यात दुसरं काय आहे ते विचारा.

पुढची गोष्ट आरोग्याची. घाण्याचं तेल आपोआप शुद्ध असतं असं नाही. ओलसर शेंगेला बुरशी लागते. एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला मारक. रिफाइंड करताना ते बरंचसं निघून जातं. घाण्याच्या तेलात ते राहू शकतं, पेंडीत तर राहतंच, आणि ती पेंड खाल्लेल्या गाईच्या दुधात उतरतं. म्हणजे तेच तान्ह्या लेकराच्या वाटीत. यावर उपाय एकच, आणि तो आपल्या हातात आहे. शेंग हलवली की खुळखुळली पाहिजे. दाणा मोडला की कट्कन आवाज आला पाहिजे. काळा, सुरकुतलेला, बुरशी लागलेला, तुटका दाणा बाजूला. तो घाण्यात नाही आणि गाईलाही नाही. हे काम कुठलीही मशीन आपल्याइतकं चांगलं करत नाही. आजीची नजर आणि तुमची बोटं, हीच आपली प्रयोगशाळा. म्हणून त्याची मजुरी धरायची.

आणि सरकीचं विचारलं होतं कुणीतरी. कपाशी आपली, सरकी भरपूर, मग सरकीचं तेल काढू का? खाण्यासाठी नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, कारखान्यात शुद्ध केल्याशिवाय ते तेल खाण्यात नको. भुईमूग आणि तीळ एवढंच आपलं.

राहता राहिलं कर्ज. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत मशीनच्या खर्चाला 35 टक्के अनुदान ठेवलं होतं, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत. गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या बाईला 40,000 रुपये बीज भांडवलाचीही तरतूद केली होती. ऐकायला गोड. पण उरलेलं कर्जच असतं. अनुदान मिळतं एकदा, हप्ता येतो दर महिन्याला. आणि मशीन वर्षातून दोन महिने चालून दहा महिने झाकून ठेवली तर हप्ता काही झाकून राहत नाही. नाहीतर आपलं व्हायचं तेलही गेलं, तूपही गेलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपल्या हातून तेल गेलं ते फक्त बैलाचा घाणा थांबला म्हणून नाही. दाण्याची पारख आपल्याकडे राहिली, पण हिशेब दुसऱ्याकडे गेला. तो हिशेब आधी परत घेऊ. मशीन त्यानंतर. तीन कामं सुचवते.

एक. सुगीला ज्या घरात भुईमूग आहे, त्यांनी सगळा एकदम विकू नये. घराच्या वर्षाच्या तेलापुरत्या शेंगा वाळवून बाजूला ठेवाव्यात. म्हणजे निदान घरची बाई सणाच्या भावाला बांधील राहणार नाही.

दोन. ज्या गटाला घाणा हवा आहे, त्यांनी तीन महिने आहे त्या घाण्यावर मजुरी देऊन तेल काढावं. आधी नावं लिहून, आगाऊ मागणी घेऊन, तेवढंच काढावं. दर खेपेला किती दाणे, किती तेल, किती पेंड, किती बाटल्या परत आल्या, हे वहीत लिहावं. तीन महिन्यांनी ती वही घेऊन आपण बँकेत जाऊ. मीही बरोबर येईन. वही चांगली निघाली तर मॅनेजर नाही म्हणणार नाही, आणि वाईट निघाली तर आपण वाचलो.

तीन. प्रत्येक गटाने एका म्हाताऱ्या बाईला बोलवावं. तिला विचारावं, शेंग कशी पारखायची, तेल कशात ठेवायचं, तिळाचं कोणतं वाण लावायच्या, कशाला कोणतं तेल वापरायच्या. पोरींनी ते लिहून घ्यावं. मागच्या वर्षी हे आधी केलं असतं तर आमच्या बाटल्या परत आल्या नसत्या.

मागच्या वर्षी ज्या ताईचं नुकसान झालं, ती आज इथे बसली आहे. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागते. आणि या वेळी दाणे निवडायला मीही पोतं पसरून बसेन, म्हणजे मजुरी किती धरायची ते मलाही कळेल.

आपल्याकडे म्हणतात, डोळ्यांत तेल घालून बघायचं. या वेळी तसंच करू.

(भाषणानंतर चर्चा झाली. घाण्याचं कर्ज तीन महिने थांबवून आधी आगाऊ मागणीवर तेल काढायचं, असं अर्ज केलेल्या गटाने स्वतःहून मान्य केलं. निवडणी-वाळवणीची मजुरी वहीत वेगळ्या रकान्यात लिहायची, असा ठराव सर्वानुमते झाला. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने घरटी महिन्याला किती तेल लागतं तो आकडा आणि मूठभर वाळलेले दाणे घेऊन यायचं आहे.)